लाल भिंतीच्या अलीकडे

१

साहेब, तुम्ही खोटं बोललात. नजरचुकीनं नाही, घाईत नाही. गार खोलीत बसून, फिल्टर कॉफी पीत, नीट विचार करून बोललात. ‘कामगारानं स्वतःच्या इच्छेनं हात यंत्रात घातला’ असं तुमच्या कंपनीनं कळवलं आणि माझ्या भावाच्या तुटलेल्या बोटांवर लबाडीचा शिक्का मारला. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. ते काही भीतीपोटी नाही. नाव लिहिलं की तुमचे वकील नावावर बोलत बसतील, आणि मला तुमच्या करणीबद्दल बोलायचंय.

माझा भाऊ प्रतापसिंह. ओरगडमच्या तुमच्या कारखान्यात ट्रकच्या दरवाज्यांना बिजागऱ्या लागतात, त्या टेबलावर तो काम करायचा. टेबलाच्या अलीकडे माणूस, पलीकडे रिव्हेट मारणारा यंत्राचा हात. मध्ये पूर्वी लोखंडी जाळीचं दार होतं. दार उघडायचं, बिजागरी ठेवायची, दार लावायचं, मगच यंत्र हलायचं. तुम्हाला त्यात वेळ जातोय असं वाटलं. तुम्ही दार काढलंत आणि कामगारांच्या डोळ्यांवर चष्मे चढवलेत. खऱ्या जगावर खोटी चित्रं उभी करणारे चष्मे. एआर म्हणतात त्यांना. त्यातून बघितलं की टेबलाच्या वर हवेत एक लाल भिंत दिसते. भिंतीच्या अलीकडे हात ठेवा, पलीकडे यंत्र. कंपनीच्या पत्रिकेत त्यावर लेख आला होता, तुमच्या फोटोसकट.

दसऱ्याच्या आयुधपूजेची सुट्टी संपून कारखाना उघडला त्या सकाळी त्या यंत्रानं प्रतापच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली.

तो एकच वाक्य बोलत होता. “अक्का, माझा हात भिंतीच्या अलीकडे होता.”

आणि तुमच्याकडे त्याच्या चष्म्यानंच टिपलेली फिल्म होती. मी ती बघितली. तिच्यात त्याची बोटं लाल भिंतीच्या सरळ पलीकडे गेलेली दिसत होती.

२

“सही करून टाकतो,” प्रताप म्हणाला. हॉस्पिटलच्या खाटेवर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. “चूक कबूल केली तर पोलिसात देणार नाहीत. सोमवारी चौकशी आहे, त्याआधी द्या म्हणाले.”

“तू मुद्दाम हात घातलास?” मी विचारलं.

“नाही. पण फिल्म खोटी कशी असेल? माझेच डोळे बिघडले असतील. नाहीतर डोकं.”

बोटांपेक्षा मला या वाक्याची जास्त भीती वाटली. माझा भाऊ स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडत होता, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं होतं.

खोलीत सुंदरीआत्या होती. त्रिपुरसुंदरी हे तिचं पूर्ण नाव. मैलापूरला माड वीथीत तिचं चष्म्याचं दुकान आहे. नेत्रशास्त्राची पदवी भिंतीवर, आणि जिभेवर सुरी. तिनं पिशवीतून पट्टी काढली, प्रतापच्या नाकावर आडवी धरली आणि म्हणाली, “माझ्या डोळ्यांकडे बघ. रडू नको, बुबुळ हलतं.”

“आत्या, बोटं गेलीत त्याची. डोळे नाही,” मी वैतागून म्हणाले.

“तू गप बस गे, तुळजा. सत्तर.” तिनं पट्टी खाली घेतली. “लहानपणापासून याचा चेहरा परातीसारखा. दोन बुबुळांमध्ये सत्तर मिलिमीटर. डोळे ठणठणीत आहेत तुझे, माझ्या कण्णा. आता सांग, त्या सकाळी चष्मा घातल्यावर काय काय झालं?”

“काही नाही. पट्टा घट्ट बसत होता, तो सैल केला. लगेच भिंत दिसली.”

“पट्टा घट्ट का? सुट्टीत डोकं वाढलं?”

प्रताप पहिल्यांदा किंचित हसला. “पूजेचं गोड चक्करपोंगल खाल्लं होतं ना.”

आत्या हसली नाही. “आणि भिंत? रोजच्यासारखी?”

त्यानं आठवून बघितलं. “त्या दिवशी जरा ऐसपैस वाटत होतं. हाताला जागा जास्त. मला वाटलं, सुट्टीनंतर ताजातवाना आहे मी, म्हणून.”

आत्यानं पट्टी पिशवीत टाकली. “सही करशील तर दुसरा हात मी मोडेन,” ती त्याला म्हणाली.

३

वेंकटरमण हा त्या लाइनचा सुपरवायझर. प्रतापनं जादा पाळीला नकार दिल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर तो भेटला. तो तमिळ बोलला. आम्ही तंजावरकडचे मराठी, म्हणून मी मराठीत लिहिते.

“तुमचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला होता, हात तुटला तर ऑफिसात खुर्ची तरी मिळेल. दहा जणांनी ऐकलंय.”

“चेष्टेत म्हणाला असेल,” मी म्हणाले.

“चेष्टा अशी खरी होते का?”

“तुमच्यावर राग म्हणून तो स्वतःची बोटं कापून घेईल? तुमची नाही कापणार?”

त्यानं ग्लास खाली आपटला. “अम्मा, मला धमकी?”

आत्यानं मध्येच विचारलं, “सार, पूजेला चष्मे पण ठेवले होते का हो?”

“मग? आयुध आहे ते. स्क्रूड्रायव्हर, पाने, चष्मे, सगळं देवीपुढं. धुऊन पुसून चंदन-कुंकू लावलं. नुसतं पुसलं नाही, जुने स्टिकर, तेलाचे डाग, सगळं खरवडून काढलं. मळकं आयुध देवीपुढं ठेवत नाहीत.” तो जरा मऊ झाला. “मोठ्या साहेबांनी स्वतः कापूर लावला. एकेक चष्मा बघून म्हणाले, नवेकोरे दिसतात रे.”

“कसले स्टिकर?”

“नावांचे. ज्याच्या त्याच्या चष्म्यावर ज्याचं त्याचं नाव.”

“मग सुट्टीनंतर कुणाचा कुठला, कसं ओळखलं?”

“ओळखायचं काय? सगळे सारखेच आहेत. ज्याच्या हाताला जो लागला तो.” मग त्याला काहीतरी सुचलं. “चंदनाचंच झालं असेल बघा! कॅमेऱ्यावर चंदन बसलं, भिंत बिघडली. प्रतापनंच लावलं असणार, भक्त आहे ना मोठा.”

परतताना मी स्कूटरवर खूश होते. “आत्या, चंदन! सापडलं ना?”

“कॅमेरा झाकला तर भिंत थरथरते, उडते, नाहीशी होते,” ती मागून ओरडली. “त्याची भिंत शांत उभी होती. फक्त भलत्या जागी. मला त्या दिवशी ढिला पट्टा मिळालेला माणूस हवाय.”

४

तो माणूस एक बाई निघाली. जयंती. प्रतापच्या शेजारच्या टेबलावरची, पडप्पैला राहणारी. दार उघडून तिनं आम्हाला बघितलं आणि परत लावायला लागली.

“तुमच्याशी बोलू नका म्हणून सांगितलंय.”

“कुणी?” मी दारात पाय घातला.

“माझीही कंत्राटी नोकरी आहे, अक्का. पाय काढा.”

आत्यानं दाराच्या फटीतून विचारलं, “त्या सकाळी तुझा चष्मा सारखा नाकावर घसरत होता ना, अम्मा?”

दार थांबलं. “तुम्हाला कसं माहीत?”

आत गेल्यावर ती बोलायला लागली आणि मग थांबेना. “चष्मा घसरत होता ते एक. वर भिंत अंगावर आल्यासारखी. बिजागरी ठेवायला जावं तर भिंत आधीच आडवी. माझा हात पोचेचना. वेंकटरमण सार सगळ्यांदेखत ओरडले, पायसम जास्त झालं काय, झोप येतेय काय. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात शेजारून किंकाळी ऐकली.”

आत्यानं पट्टी काढली. जयंतीचा चेहरा चिंचोळा, डोळे जवळजवळ. सत्तावन्न.

“आता समजलं?” आत्यानं मला विचारलं.

“नाही.”

“बोट नाकासमोर धर. जवळ आण. डोळे आत वळतात ना? हाताच्या अंतरावरची वस्तू किती लांब आहे, हे मेंदू बरंचसं त्या वळण्यावरून ठरवतो. चष्मा दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी चित्रं दाखवतो, म्हणून ती भिंत हवेत उभी दिसते. चित्रं किती वेगळी काढायची, हे तो बुबुळांमधल्या अंतरावरून ठरवतो. जयंतीच्या डोळ्यांसाठी काढलेली चित्रं प्रतापला दाखवली, तर त्याचे रुंद डोळे पुरेसे आत वळतच नाहीत. मग त्याला भिंत लांब दिसते.”

“किती लांब?”

तिनं मूठ वळून दाखवली. “हातभर अंतरावरची भिंत एवढी मागे. आणि त्याचा चष्मा हिनं घातला तर भिंत तेवढीच पुढे, अंगावर. पण स्वतःचा हात खरा आहे. तो दोघांनाही जागच्या जागीच दिसतो.”

“आणि फिल्म? तिच्यात बोटं पलीकडे दिसतात ती?”

“कॅमेऱ्याला एकच डोळा. तो आत वळत नाही, म्हणून फसतही नाही. त्यानं यंत्राच्या हिशेबाची भिंत टिपली आणि बोटं तिच्या पलीकडे होतीच. फिल्म खरी. प्रतापही खरा. दोघांच्या भिंती वेगळ्या.”

मी उठून उभी राहिले. मला तुमच्या फाटकावर जाऊन किंचाळायचं होतं.

“बस,” आत्या म्हणाली. “हे सगळं मी म्हणतेय. प्रतापच्या चष्म्यात सत्तावन्न आकडा दिसला तरच ते खरं.”

५

चष्मा सुधींद्र रावांच्या ताब्यात होता. ते कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. आमच्यातलेच, तंजावरकडचे. त्यांच्या मुंजीला आमचे आजोबा जेवून आले होते, असं त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

“आपली माणसं म्हणून सांगतो, तुळजाबाई. सही करा. पोलीस, कोर्ट, आपल्या लोकांना झेपत नाही ते.”

“आपल्या लोकांची बोटं गेलेली झेपतात तुम्हाला?”

“मी स्वतः तो चष्मा घालून बघितलाय, अपघात झाला त्याच दुपारी. भिंत काटेकोर जागेवर. खोटं कशाला बोलू?”

“मग दाखवा की,” आत्या म्हणाली. “चौकशीत आम्ही प्रतापच्या बाजूनं आहोत. बघायचा हक्क आहे.”

त्यांनी कपाटातून पिशवी काढली, चष्मा टॅबला जोडला. पडद्यावर आकडा उमटला. सहासष्ट.

आत्याचा चेहरा उतरला. मी तो तसा कधी बघितला नव्हता.

“सत्तावन्न पाहिजे होतं का तुम्हाला?” सुधींद्र रावांनी हसून विचारलं. जयंतीनं की अजून कुणी, त्यांना आधीच खबर दिली होती. “सहासष्ट आहे. तुमच्या भाच्याचे सत्तर. भिंत हलली तर दोन बोटं हलेल. तेवढ्यानं हात यंत्रात जात नाही, बाई. आता तरी ऐका.”

माझ्या डोळ्यांसमोर प्रताप डाव्या हातानं वेडीवाकडी सही करताना दिसायला लागला.

“सुधींद्र,” आत्या अचानक मायेनं म्हणाली, “तुझा नंबराचा चष्मा कुठल्या गाढवानं बनवला रे? सारखा खाली येतोय. इकडे बघ.” त्यांनी काही म्हणायच्या आत पट्टी त्यांच्या नाकावर होती.

तिनं पट्टी टेबलावर ठेवली.

“सहासष्ट,” ती म्हणाली. “हा आकडा प्रतापचा नाही, जयंतीचा नाही. तुझा आहे.”

सुधींद्र राव पांढरे पडले. “मी काही केलं नाही. आईची शपथ. नुसता घातला.”

“घातल्यावर काय दिसलं?”

“आधी ठिपके. ‘ठिपक्यांकडे बघा’ असं आलं. मी बघितलं. मग भिंत आली.”

“ठिपके?” मी म्हणाले. “प्रतापला नाही दिसले. चष्मा घातल्याबरोबर भिंत आली, असं तो म्हणाला.”

आत्या उठली. “ठिपके म्हणजे चष्मा तुमचे डोळे मोजतोय. सकाळी त्यानं कुणाचे डोळे मोजले नाहीत. दुपारी सुधींद्रचे मोजले आणि आतला जुना आकडा पुसला गेला. सुधींद्र, मधल्या वेळात ही मोजणी कुणी चालू केली?”

“मला माहीत नाही,” ते पुटपुटले. “आमच्या हातात नसतं ते. चष्मेवाल्या कंपनीच्या बाईच करू शकतात.”

६

संयुक्ता तरमणीच्या काचेच्या इमारतीत बसते. कारखान्यात ती कधी आलीच नव्हती; चष्मे दुरून सांभाळायची. पुण्याहून आलेली, शुद्ध मराठी.

“मी काहीही सांगणार नाही,” ती म्हणाली. “आमचा करार आहे.”

“करारात बोटं लिहिलीत का ग?” मी विचारलं.

“तुम्ही माझ्यावर ओरडू नका.”

“ओरडेन. तू बटण दाबलंस आणि माझा भाऊ जेवताना डाव्या हातानं भात सांडतो.”

तिनं खुर्ची मागे सारली. “बंद करायचं बटण मी सांगितल्यावर दाबलं. पूजेच्या आदल्या दिवशी फोन आला. सुट्टीनंतर सकाळी अख्खी लाइन डोळे मोजत बसते, ते नको, पहिल्या मिनिटापासून काम हवं. मी विचार केला, प्रत्येकाचा चष्मा ठरलेला आहे, वर नाव आहे, आधीचं मोजमाप आत आहेच. चालेल.” तिनं माझ्याकडे बघितलं. “पूजेत नावं खरवडून काढतात, हे मला कोण सांगणार होतं? आमच्याकडे दसऱ्याला कॉम्प्युटरवर फूल ठेवतात, झालं.”

“आणि परत चालू?” आत्यानं विचारलं.

तिनं समोरचा लॅपटॉप मिटला.

“अपघातानंतर. सुधींद्रच्या आधी.”

“परत फोन आला,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “कारण सांगितलं नाही. फक्त म्हणाले, मोजणी आत्ताच्या आत्ता चालू करा आणि याबद्दल कुणाशी बोलू नका. अपघाताचं मला दुसऱ्या दिवशी कळलं.”

“दोन्ही फोन एकाच माणसाचे?” मी विचारलं.

संयुक्तानं होकारार्थी मान हलवली. तुमचं नाव तिनं घेतलं, साहेब.

आत्या लिफ्टमध्ये म्हणाली, “संयुक्ताला मोजणी बंद असल्याचं माहीत होतं, नावं गेल्याचं नाही. वेंकटरमणला नावं गेल्याचं माहीत होतं, मोजणी बंद असल्याचं नाही. सुधींद्रला दोन्ही माहीत नव्हतं. कामगारांना तर कुणी काही सांगतच नाही.”

“मग दोन्ही कुणाला?”

“मोजणी बंद करून, वर कापूर लावून, नवेकोरे चष्मे डोळ्यांनी बघणारा माणूस एकच.”

७

सोमवारी तुम्ही टेबलाच्या टोकाला बसला होतात. प्रताप समोर होता, बांधलेला हात मांडीवर लपवून. त्याच्यापुढे छापील कबुली आणि पेन. पेन तुम्ही उजव्या बाजूला ठेवलं होतंत.

आत्यानं दोन बिंदू आणि एक नाक काढून चौकशी समितीला सगळं समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “छान कल्पना आहे. पण मोजणी बंद असेल तरच हे शक्य आहे, मॅडम. आमच्याकडे मोजणी कधीच बंद नव्हती.”

“नव्हती?” आत्यानं विचारलं.

“कधीच नाही. सुधींद्रनं त्याच दिवशी तपासलंय.”

“मग सुधींद्रच करून दाखवेल. जयंतीच्या मापाचा चष्मा, मोजणी बंद, तरमणीहून तसाच करून आणलाय. भिंतीची खरी जागा म्हणून ही सळई उभी करते. चष्मा घालणाऱ्याला सळई दिसू नये म्हणून तिच्यावर कागद आडवा धरते. सुधींद्र, पेनानं भिंतीला टोक लाव. पलीकडे जाऊ नको हं.”

सुधींद्र रावांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान हलवली नाहीत. त्यांनी चष्मा चढवला, पेन हळूहळू पुढे नेलं आणि थांबले. “लागलं.”

आत्यानं कागद काढला. पेन सळईच्या चार बोटं पुढे होतं.

सुधींद्र रावांनी चष्मा उतरवला. पेनाकडे बघितलं, मग प्रतापकडे. “माझी भिंत इथं होती,” ते म्हणाले. “शपथेवर सांगतो, इथंच होती. आणि याचे डोळे तर माझ्याहून रुंद.”

प्रतापनं लपवलेला हात वर काढून टेबलावर ठेवला. “आत्या,” तो म्हणाला, “मी बघितलं ते बरोबर बघितलं होतं ना?”

“तुला दाखवलं ते तू बरोबर बघितलंस, कण्णा. दाखवणारा खोटा होता.”

तेव्हा मागच्या खुर्चीवरून संयुक्ता उठली. तिनं चष्मा दिला होता, पण ती स्वतः येईल असं मला वाटलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. दोन्ही फोन, दोन्ही आज्ञा, तुमचं नाव. शेवटी म्हणाली, “माझी चूक मी मानते. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पण मी एकटीच मानणार नाही.”

समितीतले तिघे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही घड्याळात बघितलंत. दुसरी मीटिंग आहे म्हणालात. चौकशी अपूर्ण ठेवून निघून गेलात आणि जाताना दारातल्या शिपायाला एसी बंद करायला सांगितलंत. आम्ही आत बसलो असताना.

प्रतापनं सही केली नाही. तो घरी आहे. डाव्या हातानं लिहायला शिकतोय आणि रात्री झोपतोय. डोळ्यांबद्दल आता काही विचारत नाही. पण त्याच्यावरचा आरोप तुम्ही मागे घेतलेला नाही, जाळीचं दार परत बसवलेलं नाही आणि त्याच टेबलावर आज दुसरं कुणीतरी उभं आहे. तुमच्या ऑफिसात मी तीनदा आले. एकदा तुम्ही बैठकीत होतात, एकदा विमानात, आणि एकदा तुमची गाडी खाली उभी असताना तुम्ही नव्हतात.

म्हणून इथं, सगळ्यांसमोर विचारते. वकील पाठवू नका, सुधींद्र रावांना पाठवू नका, फुलांचा गुच्छ तर मुळीच पाठवू नका. मोजणी कधीच बंद नव्हती, असं तुम्ही तुमच्या तोंडानं म्हणालात. बंद नव्हती, तर माझ्या भावाचं रक्त टेबलावर ओलं असताना ती चालू करायला तुम्ही फोन का केलात?

उत्तर द्या, साहेब.